पेटीचा कारभार कोण पाहतं? रॉबर्ट पेज यांनी मधमाश्यांच्या जनुकांत शोधलेलं उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात, पाटगावात सातेरी माश्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, पेटीत काय काय चालतं ते तो घडाघडा सांगेल. राणी अंडी घालते. नर बाहेरच्या राणीशी मिलनापुरते. बाकीचा सगळा भार कामकरी माश्यांवर. कुणी पिल्लांना भरवते, कुणी मेण काढून पोळं बांधते, कुणी दारावर पहारा देते, कुणी मेलेली माशी उचलून बाहेर टाकते. रानात जाणाऱ्यांतही दोन तऱ्हा असतात. काही जणी पोटात मकरंद भरून येतात, तर काही मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे बांधून. हे सगळं डोळ्यांनी दिसतं. दिसत नाही ते हे, की कामाची ही वाटणी करतं कोण?

राणी करत असेल, हे मनात येणारं पहिलं उत्तर. ते चुकीचं आहे. राणी दिवसभर पोळ्यातलं एकेक घर तपासत अंडी घालत फिरते. तिच्या अंगच्या गंधामुळे राणी जागेवर आहे एवढं वसाहतीला कळतं, आणि तो गंध दरवळतो आहे तोवर माश्या सहसा नवी राणी वाढवायला घेत नाहीत. पण आज पराग कमी आहे, पन्नास जणी हिरड्यावर जा, असं ती कुणाला सांगत नाही. साठा किती उरलाय हे मोजायला ती जातही नाही. वयस्क माश्या तरुणींना कामं वाटून देतात असंही नाही. हजारो माश्यांच्या घरात एकही मुकादम नाही, आणि तरी पिल्लं उपाशी राहत नाहीत.

या प्रश्नामागे चाळीस वर्षं लागलेला एक माणूस म्हणजे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट पेज. त्यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रातून पीएचडी केली. काही वर्षं ओहायो स्टेट विद्यापीठात काढून ते पुन्हा डेव्हिसला आले. २००४ मध्ये ते अॅरिझोना स्टेट विद्यापीठात गेले आणि तिथे नव्याने उभ्या राहिलेल्या जीवशास्त्र विभागाचे पहिले संचालक झाले. पदांची यादी एवढी पुरे. मला त्यांच्या कामात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. वसाहत, मग माशी, मग माशीची जीभ, मग जनुक, अशी एकेक पायरी ते खाली उतरत गेले आणि मधली एकही पायरी त्यांनी गाळली नाही.

त्यांचं काम युरोपीय माशीवर, म्हणजे आपल्याकडे पेटीवाले जिला मेलिफेरा म्हणतात तिच्यावर झालं. आपली सातेरी ही तिची जवळची नातलग. जनुकांची जी मूळ मांडणी पुढे सांगणार आहे, ती दोघींत सारखीच आहे.

ही मांडणी माणसाला जरा चक्रावणारी आहे, म्हणून सावकाश घेऊ. राणी दोन प्रकारची अंडी घालते. नराचं बीज मिळालेल्या, म्हणजे फलित अंड्यातून मादी होते: कामकरी किंवा राणी. बीज न मिळालेल्या अंड्यातून नर होतो. म्हणजे नराला आई असते, बाप नसतोच. यान झेरझोन या पाद्र्याने १८४५ मध्ये हे मांडलं तेव्हा त्याच्यावर बरीच टीका झाली, पण तो बरोबर होता. मादीत गुणसूत्रं ३२, नरात फक्त १६.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे त्याच्या बीजाची प्रत्येक पेशी जनुकांच्या बाबतीत हुबेहूब सारखी असते. माणसाचं तसं नसतं. दुसरी, एकाच बापाच्या कामकरी बहिणी एकमेकींच्या फारच जवळच्या असतात. बापाकडून आलेला निम्मा वाटा दोघींत पूर्ण सारखा आणि आईकडून आलेला सरासरी निम्मा सारखा, म्हणजे एकूण नातं तीन चतुर्थांश. आपल्या सख्ख्या बहिणींत ते निम्मंच असतं.

पण राणी एकाच नराशी मिलन करून थांबत नाही. कोवळ्या वयात ती उडत जाते, उंचावर जमलेल्या नरांपैकी दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त नरांशी हवेतच तिचं मिलन होतं, आणि ते बीज ती पोटातल्या एका छोट्या पिशवीत साठवते. पुढची सगळी वर्षं तेच पुरतं. म्हणून एका पेटीत आई एक असली तरी बाप दहा-पंधरा असतात. पोळ्याच्या एकाच चौकटीवर शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन माश्या सख्ख्या असतील किंवा सावत्र. बघून ओळखता येत नाही.

राणी एवढ्या नरांकडे जाते कशासाठी? उडण्यात धोका आहे. वेडे राघू टपलेले असतात, वाऱ्यापावसाचं भय असतं. एका नराचं बीजही बरंच असतं. १९८० मध्ये पेज यांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध याच प्रश्नावर होता आणि त्याचं उत्तर त्यांनी एका विचित्र जनुकात शोधलं.

मधमाशीत नर की मादी हे ठरवणारी एक विशिष्ट जागा गुणसूत्रावर असते. त्या जागी जे जनुक बसतं त्याची अनेक रूपं असतात, जगभरची मिळून शंभराहून जास्त. अंड्यात त्या जागी दोन वेगळी रूपं आली, तर मादी. फलित न झालेल्या अंड्यात एकच रूप असतं, तो नर. आणि अंडं फलित आहे, पण आईकडून आणि बापाकडून नेमकं एकच रूप आलं, तर? तर त्यातूनही नरच होतो. पण हा नर कामाचा नसतो. अळी अंड्यातून बाहेर आली की काही तासांतच कामकरी माश्या तिला ओळखतात आणि खाऊन टाकतात. पोलंडच्या येझी वोयके यांनी १९६३ मध्ये हे दाखवून दिलं. अशा अळ्या पेटीबाहेर वाढवल्या तर त्या जगतात, हेही त्यांनी सिद्ध केलं. म्हणजे अळीत जगण्याची ताकद असते, तिला माश्याच काढून टाकतात.

आता हिशेब बघा. राणीने एकाच नराशी मिलन केलं आणि त्याच्याकडचं रूप तिच्या दोनपैकी एकाशी जुळलं, तर तिच्या फलित अंड्यांपैकी निम्मी वाया. अशी पेटी वर येत नाही. तीच राणी बारा नरांकडे गेली आणि त्यातला एकच जुळला, तर नुकसान चार टक्क्यांच्या आसपास. माश्यांना ते जाणवतही नाही. अनेक नरांकडे जाऊन राणी या धोक्याची अशी वाटणी करते. पेज यांनी हे तेव्हा गणिताने मांडलं. ते जनुक कोणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे २००३ मध्ये जर्मनीच्या मार्टिन बाय यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने ते जनुक हुडकून काढलं, आणि त्या गटात पेज होते. ते जनुक मादी भ्रूणात बंद पाडलं, तर तिच्या शरीरात नराचे जननअवयव तयार होऊ लागले. तेवीस वर्षांपूर्वी कागदावर ज्याचा परिणाम मोजला होता, ते आता हाती आलं होतं.

वैज्ञानिकाच्या आयुष्यात असा सांधा क्वचित जुळतो. त्यामागे आणखी एक माणूस आहे, आणि त्याच्याविषयी थोडं सांगायलाच हवं: हॅरी लेडलॉ. पेज यांचे गुरू आणि पुढे सहकारी. राणीचं मिलन आकाशात होतं. गायीम्हशींचं पैदाशीचं नियोजन आपण करतो, तसं माशीचं करणार कसं? नर निवडणं माणसाच्या हातात नव्हतं. राणीला कृत्रिम रेतन करायचे प्रयत्न आधी झाले होते, पण बीज आत टिकत नसे. लेडलॉ यांच्या लक्षात आलं की राणीच्या योनिमार्गात एक बारीक घडी झडपेसारखी आडवी येते. ती बाजूला सारली की सुईचं टोक योग्य जागी पोचतं. आजही ही क्रिया तशीच होते. राणीला कार्बन डायऑक्साइडने गुंगी देतात, एका बारीक नळीत तिला उलटी धरतात, दोन इवल्या आकड्यांनी नांगीची बाजू उघडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बीज सोडतात. एका नराकडून मिळतं ते जेमतेम एक मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या माथ्याएवढा थेंब. हात थरथरला की राणी गेली. हे तंत्र नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण कुठल्या राणीला कुठल्या नराचं बीज द्यायचं हे आता माणूस ठरवू शकत होता.

आता कामाच्या वाटणीकडे येऊ. पेज आणि जीन रॉबिन्सन यांनी १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक निष्कर्ष मांडला. एकाच पेटीतल्या पहारेकरी माश्या आणि मेलेल्या माश्या बाहेर टाकणाऱ्या माश्या पकडून त्यांचे बाप कोण ते तपासलं, तेव्हा दिसलं की काही बापांच्या लेकी पहाऱ्यावर जास्त आहेत, दुसऱ्या बापांच्या लेकी प्रेतं उचलण्यात. आई तीच, पेटी तीच, अन्न तेच. फरक बापाकडून आलेल्या जनुकांचा.

याचा अर्थ पहारेकऱ्याचं एक जनुक असतं आणि सफाईचं दुसरं, असा घेऊ नये. बरेच लोक नेमकं तिथेच घसरतात. पेज आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी जी कल्पना उचलून धरली ती याहून साधी आहे: प्रत्येक माशीचा एक उंबरठा असतो. एखादी निकड त्या उंबरठ्यापलीकडे गेली की ती कामाला लागते, अलीकडे असेल तर लागत नाही.

कोल्हापुरात भंडाऱ्याची पंगत कुणी पाहिली नाही? वाढप्यांत एखादा असा असतो, की ताटातली आमटी निम्म्यावर आली की त्याला दिसते आणि तो बादली घेऊन धावतो. दुसऱ्याला पाहुण्याने हाक मारेपर्यंत कळत नाही. दोघांना कुणी काम नेमून दिलेलं नसतं. पण पहिला सतत ताटं भरत राहतो, त्यामुळे दुसऱ्यापर्यंत हाक जातच नाही, आणि संध्याकाळपर्यंत सगळे म्हणतात की आमटी वाढावी ती ह्यानेच. आता पहिल्याला घरी पाठवा. ताटं रिकामी पडतात, हाका सुरू होतात, आणि दुसरा उठतो. पेटीतही हेच घडतं. निकडीला लवकर जागणाऱ्या माश्या काम उरकतात, म्हणून उशिरा जागणाऱ्या दुसरं काहीतरी करायला मोकळ्या राहतात. पहिल्या संपल्या तर दुसऱ्या त्यांची जागा घेतात. वाटणी कुणी करत नाही, ती उंबरठ्यांच्या फरकातून आपोआप पडते. आणि उंबरठे वेगवेगळे का? बाप वेगवेगळे म्हणून.

कल्पना सुंदर आहे, पण कल्पना सुंदर असणं म्हणजे ती खरी असणं नव्हे. पेज यांचं मोठेपण मला पुढच्या कामात दिसतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी किम फोंड्रक यांच्यासोबत एक प्रयोग हाती घेतला आणि तो दोन दशकांहून जास्त चालवला. प्रयोगाची कसोटी एकच: पोळ्यावर परागाने भरलेली घरं किती जागा व्यापतात. चौकट बाहेर काढायची, परागाचं क्षेत्र मोजायचं, बस. ज्या पेट्यांत पराग जास्त, त्यांच्यातून राण्या आणि नर वाढवायचे, कृत्रिम रेतनाने त्यांचंच मिलन घडवायचं. ज्यांच्यात कमी, त्यांची वेगळी वेल चालवायची. माशी कशी वागते, तिला काय आवडतं, यातलं काहीच निवडायचं नाही. निवडायचा फक्त साठा, जो पूर्ण वसाहतीचा मिळून होतो.

पहिल्याच पिढीत फरक दिसू लागला. तिसऱ्या पिढीत एका वंशाच्या पेट्यांतला पराग दुसऱ्याच्या सरासरी सहापट झाला. गंमत अशी की रानात जाणाऱ्या माश्यांची एकूण संख्या दोन्हीकडे सारखीच होती. बदललं होतं ते एवढंच की जास्त साठा करणाऱ्या वंशात पराग घेऊन परतणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं.

पण साठा वाढण्याला पेटीतली परिस्थितीही कारण असू शकते. पिल्लं जास्त असली की पराग जास्त आणला जातो, कारण परागच त्यांची प्रथिनं, आणि अळ्यांच्या अंगच्या गंधानेच माश्या परागाकडे वळतात. म्हणून पेज यांच्या गटाने दोन्ही वंशांच्या नुकत्याच जन्मलेल्या माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावले आणि त्यांना एकाच तिसऱ्या पेटीत सोडलं. घर एक, पिल्लं एक, साठा एक. तरी मोठ्या झाल्यावर जास्त साठ्याच्या वंशातल्या माश्या परागाकडे गेल्या आणि कमी साठ्याच्या वंशातल्या मकरंदाकडे. शिवाय पहिल्या वंशातल्या लवकर, कमी वयात घराबाहेर पडू लागल्या. ही ओढ त्या जन्मतःच घेऊन आल्या होत्या.

मग पुढची पायरी: माशीच्या आत नेमकं काय वेगळं आहे? यासाठी वापरलेली चाचणी इतकी साधी आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येईल. माशीला थोडं गार करून सुस्त करतात आणि एका बारीक नळीत असं बसवतात की डोकं तेवढं बाहेर राहील. मग साखरपाण्याच्या थेंबाने तिच्या मिशीला, म्हणजे स्पर्शिकेला, हलकेच शिवतात. गोडी जाणवली की माशी जीभ बाहेर काढते. नाही जाणवली की नाही काढत. आधी नुसतं पाणी, मग ०.१ टक्का साखर, मग ०.३, १, ३, १० आणि शेवटी ३० टक्के. कुठली माशी कितव्या थेंबाला जीभ काढते, ते लिहून ठेवायचं. काही माश्या नुसत्या पाण्यालाच जीभ काढतात. काही ३० टक्क्यांपर्यंत ढिम्म हलत नाहीत.

बर्लिनचे योआखिम एर्बर आणि पेज यांनी ही चाचणी दोन्ही वंशांवर केली. जास्त पराग साठवणाऱ्या वंशाच्या माश्या अगदी फिक्या गोडीलाही जीभ काढत होत्या. त्यानंतर तान्या पान्किव आणि पेज यांनी जे केलं ते मला या सगळ्या कामातलं सर्वांत पटणारं वाटतं. त्यांनी पोळ्यात राहणाऱ्या, अजून एकदाही रानात न गेलेल्या तरुण माश्यांची जीभ तपासली, त्यांना खूण करून परत सोडलं आणि मोठ्या झाल्यावर त्या काय घेऊन येतात ते दारात बसून पाहिलं. सर्वांत हळव्या जिभेच्या माश्या पाणी आणत होत्या. त्यांच्याहून थोड्या कमी हळव्या पराग आणत होत्या. त्याहून कमी हळव्या मकरंद. आणि ज्यांना फार गोड लागल्याशिवाय जीभ काढवत नव्हती, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या पोटी परतत होत्या.

का, ते कळायला अवघड नाही. फिक्या मकरंदालाही भुलणारी माशी पातळ मकरंदही घेईल, पाणीही घेईल, फुलावर जे आहे ते घेईल. चोखंदळ माशी फक्त दाट गोड मकरंदावर थांबेल, आणि तो नाही मिळाला तर हात हलवत येईल. पराग आणायचा की मकरंद, हा निर्णय कुठल्या मेंदूत बसून घेतला जात नाही. तो जिभेच्या संवेदनेतून घडतो. हजारो जिभा वेगवेगळ्या उंबरठ्याच्या असल्या, की पेटीला पाणीही मिळतं, परागही मिळतो आणि मधही.

यापुढची पायरी जनुकांची. ग्रेग हंट यांच्यासोबत पेज यांनी गुणसूत्रांवरच्या अशा जागा शोधल्या, ज्या परागाच्या ओढीशी बांधलेल्या आहेत. १९९५ मध्ये पहिल्या जागा मिळाल्या, नंतर आणखी. एका जागेचा परिणाम दुसरीवर अवलंबून असतो. म्हणजे परागाचं एकच जनुक असा प्रकार नाही, आणि ही गुंतागुंत पेज यांनी कधी लपवली नाही.

मग आलं व्हायटेलोजेनिन. नॉर्वेच्या ग्रो आमदाम यांच्यासोबत केलेल्या या कामाने बरीच खळबळ उडवली. व्हायटेलोजेनिन हे अंड्याच्या बलकाचं प्रथिन. ते राणीत असावं हे उघड आहे. पण कामकरी माशी सहसा अंडी घालतच नाही, तरी तिच्या रक्तात ते भरपूर असतं. ती त्यापासून पिल्लांना भरवायचं दूधासारखं अन्न बनवते. २००७ मध्ये या गटाने तरुण कामकरी माश्यांत हे प्रथिन बनणं थांबवलं. परिणाम तीन झाले: माश्या लवकर रानात जाऊ लागल्या, त्या मकरंदाकडे जास्त झुकल्या आणि त्यांचं आयुष्य घटलं. बलकाचं एक प्रथिन कामकरी माशीचं वय, आवड आणि आयुर्मान असं तिन्ही सांभाळत होतं.

त्याआधीच, २००६ मध्ये, त्यांनी दाखवलं होतं की जास्त पराग साठवणाऱ्या वंशातल्या माश्यांच्या अंडाशयात अंडी तयार करणाऱ्या नळ्याही जास्त असतात. राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या वर नळ्या, कामकरीच्या अंडाशयात मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. पण त्या थोड्यांतही ज्यांच्याकडे काही जास्त, त्या परागाकडे झुकतात. यावरून आमदाम आणि पेज म्हणतात: एकटी राहणारी आदिम माशी अंडी घालायच्या काळात प्रथिनं शोधत होती, आणि अंडी घालत नव्हती तेव्हा स्वतःच्या पोटापुरता मकरंद. आईपणाची तीच जुनी यंत्रणा पुढे वसाहतीत कामाची वाटणी करायला वापरली गेली. सगळ्यांना हे पटलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याविषयी गंभीर शंका मांडल्या आहेत, आणि मलाही ही कल्पना उंबरठ्याच्या कल्पनेइतकी भक्कम वाटत नाही. तरी एका चौकटीवरच्या परागाचं क्षेत्र मोजण्यापासून निघून माणूस अंडाशयाच्या नळीपर्यंत पोचला, हा प्रवासच थक्क करणारा आहे.

हे सगळं आपल्या जिल्ह्यात उपयोगाचं आहे का? नक्कीच आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या ‘मधाचं गाव’ उपक्रमात सातारा जिल्ह्यातलं मांघर पहिलं आलं, आणि त्यानंतर आपलं पाटगाव. जांभूळ, हिरडा आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, यांच्या जोरावर इथली सातेरी जगते. पेट्या वाढवायच्या म्हटलं की पहिला मोह होतो तो एकाच चांगल्या पेटीतून सगळ्या राण्या वाढवण्याचा. ती पेटी भरपूर मध देते, डंख कमी मारते, मग तिचाच वंश सगळीकडे का नको? आता कारण सांगता येतं. सगळ्या राण्या एकाच आईच्या, आणि आजूबाजूचे नरही तिच्याच लेकींच्या पोळ्यांतले, असं झालं की नर-मादी ठरवणाऱ्या जनुकाची मोजकीच रूपं त्या परिसरात उरतात. मग एकसारखी रूपं जुळायला लागतात, आणि अळ्या खाल्ल्या जाऊ लागतात.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पिल्लांची चौकट उजेडात धरायची. चांगल्या राणीची चौकट जवळपास सलग झाकलेली दिसते. झाकलेल्या घरांमध्ये सगळीकडे विखुरलेली रिकामी घरं दिसली, आणि रोगाची लक्षणं नसली, तर भाऊबहिणींच्या मिलनाची शंका घ्यायला जागा आहे. रोग आधी तपासावा, हे महत्त्वाचं, कारण रोगानेही चौकट अशीच दिसते.

दुसरी गोष्ट नरांची. बरेच पेटीवाले नरांची घरं कापून टाकतात, कारण नर मध खातात आणि आणत काहीच नाहीत. पण प्रत्येक नराकडे त्या जनुकाचं एक रूप असतं, आणि शेजारच्या पेटीतल्या राणीला तेच हवं असतं. नर ठेवणं हा गावाने मिळून करायचा खर्च आहे, एकट्याने नाही. राधानगरी, दाजीपूरच्या रानातली झाडांच्या ढोलीतली सातेरीची पोळी याच कारणाने पेटीवाल्याच्या फायद्याची आहेत. त्यांचे नर पाटगावच्या राण्यांपर्यंत पोचतात, तोवर नवी रूपं येत राहतात. मेलिफेराच्या पेट्या आणून ही उणीव भरून निघत नाही, कारण सातेरी आणि मेलिफेरा यांच्या संकरातून जगणारी संतती होतच नाही.

बापांची विविधता पेटीच्या रोजच्या कामालाही लागते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात ज्युलिया जोन्स आणि बेंजामिन ओल्डरॉइड यांच्या गटाने दाखवलं की अनेक बापांच्या वसाहती पिल्लांच्या भागातलं तापमान जास्त स्थिर ठेवतात. कारण पंखांनी वारा घालायला कुणी ३४ अंशाला सुरुवात करते, कुणी ३५ ला, त्यामुळे एकाच वेळी सगळ्या उठत नाहीत आणि एकाच वेळी सगळ्या थांबत नाहीत. २००७ मध्ये हेदर मॅटिला आणि टॉम सीली यांना आढळलं की नव्याने वेगळा झालेला थवा अनेक बापांचा असेल, तर तो पोळं भराभर बांधतो आणि साठाही जास्त करतो.

म्हणून नव्या राण्या वाढवायला घेताना दोन-तीन नाही, जमतील तितक्या वेगवेगळ्या पेट्यांतून अळ्या घ्याव्यात, आणि त्यातली एखादी पेटी शेजारच्या गावातली असावी. राणी वाढवणाऱ्या पेटीच्या आसपास नरांची घरं कापू नयेत. आणि कुठल्या राणीची आई कुठल्या पेटीतली, एवढं तरी वहीत लिहून ठेवावं.